भंगारातून ह्यांना उभं करते

३ मार्च, सोमवार. सकाळी.

आज शेड उघडली. लिहून ठेवते, म्हणजे तारीख विसरायला नको. शेहेचाळीस वर्षं संसार झाला, पण घरामागच्या शेडचं कुलूप आज पहिल्यांदा माझ्या हाताने उघडलं. किल्ली ह्यांच्या पट्ट्याला असायची. झोपताना पट्टा उशीखाली. जानेवारीत हे शेडमधल्याच स्टुलावरून पडले, खुबा मोडला. हॉस्पिटलात कपडे उतरवले तेव्हा नर्सने पट्टा किल्लीसकट माझ्या हातात दिला. मला रडू आलं. नर्सला वाटलं ह्यांच्यासाठी. बिचारी पाठीवरून हात फिरवत होती.

खुब्यात स्टीलचा रॉड घातलाय. विकतचा. मी डॉक्टरांना म्हटलं होतं, आमच्या शेडमध्ये असले दहा पडलेत, धुऊन आणते. ते हसले. मी काही हसण्यासाठी बोलले नव्हते.

तर आता गोष्ट अशी. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात उरलीय ती नुसती भीती. फिजिओ येतो, ह्यांना उभं करतो, हे बसतात. तो उभं करतो, हे बसतात. लेकीने फोनवर सांगून टाकलं, आई, तीस तारखेला मी येतेय. बाबांनी दहा पावलं टाकून दाखवली तर राहू देत तिकडे. नाहीतर मी त्यांना माझ्याकडे नेणार. लेक राहते सहा तासांवर. तिच्याकडे लिफ्ट आहे, खाली फिजिओचं सेंटर आहे. एकदा तिकडे गेले की परत कोण येतंय.

म्हणून ठरवलं. ह्यांना मीच चालवणार. माझ्या हाताने लोखंडाचा वॉकर करून. फिजिओने आणून ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा वॉकर आजच परत पाठवला. अ‍ॅल्युमिनियमची भांडी करतात. त्यात माणूस उभा करायचा?

वेल्डिंग मला येतंच. हे वेल्डिंग करायचे तेव्हा टॉर्च कोण धरायचं? मी. उजेड इकडे, उजेड तिकडे, डोकं कुठे आहे तुझं. दार उघडायचं ते तेवढ्यापुरतं, काम झालं की मी बाहेर. पण टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. करणाऱ्याला फक्त स्वतःचा हात दिसतो.

४ मार्च, मंगळवार.

गल्लीच्या टोकाला ग्रिलवाला आहे. खिडक्यांची ग्रिलं, गेटं, जिन्याचे कठडे करतो. त्याच्या दाराशी एक ड्रम असतो, त्यात उरलेले तुकडे. वर खडूने लिहिलंय, लागेल ते न्या. चौथीपर्यंत शिकले ते आज कामाला आलं.

चार पाइप मिळाले. एक जाड, एक बारीक, एक चौकोनी, एक किंचित वाकडा. सायकलचं हँडल. एक मोठी स्प्रिंग. स्प्रिंगचं काय करायचं माहीत नाही, पण फुकटच्या वस्तूला नाही म्हणू नये. तिला राग येतो. ग्रिलवाला म्हणाला, आजी, काय करणार ह्याचं? मी म्हटलं, नवरा उभा करणार. तो म्हणाला, मग ह्यात सिमेंट पण घाला.

चांगला माणूस आहे. थट्टेखोर.

दुपारी ह्यांचं माप घेतलं. सुतळीने. झोपलेलेच होते, टाचेपासून वर धरलं. ह्यांनी विचारलं, खड्ड्याचं माप घेतेस का? अजून विनोद सुचतात, म्हणजे तब्येत सुधारतेय.

७ मार्च, शुक्रवार. ११ वाजता.

आज ह्यांची डांगरी घातली आणि पहिलं वेल्डिंग केलं. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला चिकटला. सोडवला. परत चिकटला. अख्ख्या गल्लीची लाइट गेली. समोरची गॅलरीत येऊन ओरडली, वहिनी, तुमच्याकडे धूर आहे! मी म्हटलं, हो, असतो. तिला वेल्डिंगमधलं काय कळतं.

तोंडावर धरायची ती काळी काच सापडली नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, कशाला? मी म्हटलं, असंच. तर म्हणाले, असंच असेल तर असंच कर. म्हणून ह्यांचा गॉगल लावला. फिरायला जायचा. चांगला दिसतो मला.

१० मार्च, सोमवार.

दोन दिवस लिहिलं नाही. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं, उघडताच येईनात. दोघं शेजारी शेजारी पडून होतो. लग्नानंतर इतका वेळ एकत्र पहिल्यांदाच. हे विचारत राहिले, गॉगल? गॉगल लावलास? आणि इतके हसले की खुबा दुखायला लागला. गोळी मागितली. मी म्हटलं, मला बाटली दिसत नाही. खरंच दिसत नव्हती. अर्धवट दिसत होती.

१३ मार्च, गुरुवार.

वॉकर झाला!!

देखणा झालाय. चारी पाय चार घरचे, तरी एका जागी उभे राहिले. आमच्या घरात इतकी एकी कुणात नाही. थोडा डुलतो. पण जहाजही डुलतं.

फिजिओ आला, त्याने उचलायला हात घातला, परत काढला. म्हणाला, आजी, हा ढकलायला आजोबा नको, बैल हवा. मी म्हटलं, लावून तर बघू. त्याने आणि मी मिळून ह्यांना आत उभं केलं. हँडल थेट हनुवटीला आलं. माप अगदी बरोबर होतं, पण झोपलेला माणूस लांब असतो, उभा राहिला की आखूड होतो, हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. हे हँडलला लटकून राहिले, दोरीवरच्या शर्टासारखे. मी म्हटलं, चला, एक पाऊल! वॉकरने पाऊल टाकलं. ह्यांच्या अंगठ्यावर.

नख गेलं. पण खुबा मोडलाय तो उजवा आणि नख गेलं ते डाव्याचं. म्हणजे जुन्या दुखण्याला माझ्यामुळे धक्काही लागलेला नाही. हे मी फिजिओला समजावलं. तो चपला घालत होता.

मधेच आठवलं म्हणून लिहिते. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी शेडमध्ये जाऊन ह्यांच्यासाठी टॉवेलला एक खिळा ठोकला होता. ह्यांनी तो उपटला आणि दोन बोटं बाजूला स्वतः ठोकला. आणि मला म्हणाले, तुझ्या हातात टॉर्चच बरी. तेव्हा मी वीस वर्षांची होते. कशावरून आठवलं कोण जाणे. राग वगैरे नाही. खिळा अजून आहे.

१७ मार्च, सोमवार.

वॉकर सध्या शेडच्या दाराला टेकू म्हणून उत्तम चाललाय. मुळात उभं राहण्याआधी माणसाने बाहेरची हवा खायला हवी. म्हणून चाकांची खुर्ची केली. ड्रममध्ये जुन्या खुर्चीचा सांगाडा मिळाला आणि कुठल्यातरी ट्रॉलीची चार चाकं. तीन फिरतात. चौथं मनात येईल तेव्हा.

ह्यांना बसवलं. नको म्हणत होते, मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर मला नको म्हणालात, मी काही ऐकलं नाही का? मग बसले. दाराशी स्कूटर चढवायचा उतार आहे, तिथे नेऊन उन्हात ठेवलं आणि चहा ठेवायला आत गेले.

ब्रेक करायचा होताच. उद्या करणार होते.

समोरचीने खुर्ची गेटजवळ अडवली, स्वतः मध्ये पडून. तिच्या गुडघ्याला लागलं. ह्यांना काही नाही, नुसते थरथरत होते. खाली जाताना ओरडले मात्र मोठ्याने. फुप्फुसं ठणठणीत आहेत. समोरची मला वाटेल ते बोलली. म्हणाली, वहिनी, तुम्हाला माणूस बरा करायचाय की संपवायचाय, एकदा ठरवा म्हणजे आम्हाला रस्त्यात उभं राहायला बरं. तिचा नवरा चालता फिरता आहे म्हणून तोंड चालतं.

१९ मार्च, बुधवार.

फिजिओ यायचा बंद झाला. लेकीला फोन करून काय काय सांगितलं त्याने. लेक म्हणाली, आई, तीस तारखेपर्यंत तू बाबांना हात लावू नकोस. चहा दे, गोळ्या दे, लांब राहा. मी म्हटलं, अगं त्यांना उभं कोण करणार? ती म्हणाली, कुणीही. तू सोडून कुणीही.

दमलीये बिचारी. नोकरी, घर. माणूस चिडतं.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ३.

आज मोठी गोष्ट झाली. मी शेडमधून अचानक आत आले, तर हे पलंगाच्या कडेला. दोन्ही पाय जमिनीवर. भिंतीला धरून उभे! एकटे. तोंड दाराकडे.

मला बघून बसले.

मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, कुठे नाही. पडले असते म्हणजे? केवढ्याला पडलं असतं? माझ्या वॉकरमध्ये चालणं वेगळं आणि असं माझ्या पाठीमागे चोरून चालणं वेगळं. चालायचंच होतं तर मी जीव तोडत होते तेव्हा का नाही? नंतर कानावर आलं, फोनवर लेकीशी कुजबुजत होते. लवकर ये म्हणाले. तीसच्या आधी जमतंय का बघ म्हणाले. लेकीवर फार माया.

संध्याकाळचा चहा द्यायला विसरले. आठवणीने विसरले.

२४ मार्च, सोमवार.

पलंगाला कठडा करायचा. ठरलं. हॉस्पिटलात असतो तसा. म्हणजे हे पडणार नाहीत. आज जाऊन ग्रिलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, आजी, एक जुनी इमारत पाडली, खिडक्यांची ग्रिलं आलीत, चांगली जाड, सगळी न्या, माझ्या दारातली अडगळ जाईल. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! सहा ग्रिलं. त्याच्या टेम्पोने घरी पोचवली. खाली उतरवताना त्याने विचारलं, खिडक्या कुठे बसवताय? मी म्हटलं, पलंगाला. तो हसला. नेहमीच हसतो.

२८ मार्च, शुक्रवार. ५ वाजता.

झालं! आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. 

ह्यांना दुपारची गोळी दिली की दोन तास शुद्ध नसते. आज दोन दिल्या, काम मोठं होतं. अंगावर ओली चादर घातली, ठिणग्या उडतात म्हणून. मी काही अडाणी नाही. पलंग लोखंडी, ग्रिलं लोखंडी, लोखंडाने लोखंडाला धरलं. डोक्याकडे एक, पायाकडे एक, दोन्ही बाजूंना दोन दोन. छातीच्या वर येतात. हलवून बघितलं, हलत नाही. ह्या वेळी रॉड एकदाही चिकटला नाही. काळी काचही सापडली होती, ह्यांच्याच कपाटात, कपड्यांच्या खाली. तिथे कशी गेली देव जाणे.

हे जागे झाले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पायाकडे बघितलं. शेहेचाळीस वर्षांत माझ्या कामात चूक काढली नाही असा हा पहिला दिवस.

मग म्हणाले, दार?

२९ मार्च, शनिवार.

दार राहिलं.

राहिलं म्हणजे राहिलं. मुद्दाम नाही. सगळी खिडक्यांची ग्रिलं. खिडकीला दार असतं का? जे लोखंड मिळालं तेच मी लावलं. दाराचं मिळालं असतं तर दार झालं असतं. फुकटच्या मालात एवढं चालायचंच.

काल कापायला गेले तर करवतीचं पातं दुसऱ्याच ओढीला तुटलं. ग्राइंडरची चकती संपलेली. ग्रिलवाल्याचं दुकान बंद होतं, तो गावाला, उद्या येणार. समोरचीला सांगणार नाही. मरेन पण सांगणार नाही.

चहाचा कप गजांतून जातो. बशी आडवी करून. चपातीची गुंडाळी जाते. सकाळच्या विधीचं भांडं जात नाही. ते वरून द्यावं लागतं, स्टुलावर चढून. आणि परत वरूनच घ्यावं लागतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एकदा सांडलं.

हे दिवसभर नुसते गज धरून माझ्याकडे बघतात. म्हटलं, उद्या लेक येईल, तिला किती बरं वाटेल, बाबा किती सुरक्षित आहेत. तर डोळे मिटून घेतले.

इतकं शांत मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. समोर खुर्ची टाकून बसले आणि मनातलं सगळं बोलले. खिळ्याचंसुद्धा. उठून जाता येत नव्हतं ना, पूर्ण ऐकावं लागलं. फार छान वेळ गेला.

३० मार्च, रविवार.

लेक, जावई, नात, तिघं आले. दारातच लेकीच्या हातातली पिशवी पडली. जावई म्हणाले, सासूबाई, हे काय? नातीने विचारलं, आजी, आजोबांनी काय केलं? मी म्हटलं, काही नाही ग राणी. ती म्हणाली, मग सोड ना.

लेक बोलली ते लिहीत नाही. आईला असं बोलतात का? मी तिला नऊ महिने.

ग्रिलवाला मशीन घेऊन आला. आज हसला नाही. एका बाजूचं ग्रिल कापायला घेतलं. लेकीने ह्यांच्या अंगावर ब्लँकेट धरलं होतं. मी बघत होते, माझा जोड काही सुटेना. त्याला दोन चकत्या लागल्या! मी ग्रिलवाल्याला म्हटलं, बघितलंत? त्याने मान वर केली नाही, पण आतून त्याला पटलं असणार.

आणि मग चमत्कार. ग्रिल पडलं मात्र, हे उठले. कुणाचा हात नाही, वॉकर नाही, भिंत नाही. चालायला लागले! मी मोजत होते. एक, दोन, तीन. दारापर्यंत आठ. उंबरठा नववा. दहा! मी टाळ्या वाजवल्या. अकरा, बारा. उतारावरून खाली. तेराव्या पावलाला गाडीचं दार उघडून आत बसले.

फिजिओला दोन महिने जमलं नाही ते मी चार आठवड्यांत करून दाखवलं. लेकीला म्हटलं, तुझ्याच तोंडची अट, दहा पावलं. तेरा टाकली. आता राहतील इथे. लेक वाकून गाडीच्या काचेशी गेली. म्हणाली, बाबा, ऐकलंत ना, चाललात तुम्ही, तुमची इच्छा असेल तर इथे राहू शकता.

ह्यांनी आतून दार लॉक केलं.

हवापालटाला गेलेत आठ दिवस. बरं आहे. बदल हवाच.

६ एप्रिल, रविवार.

आठ दिवस झाले. आले नाहीत. मी तोवर कठड्याला दार बसवलंय. दोन बिजागऱ्या आणि कडी. कडी बाहेरून आहे कारण आतून लावायला जागा नव्हती. हे आले की खूश होतील. गादीही बदलली, जुनीला ठिणग्यांनी भोकं पडली होती.

फोन केला. लेक म्हणाली, बाबा खाली फिरायला गेलेत. एकटे! म्हटलं, बघ, हात कुणाचा लागला? तिने फोन ठेवला. रेंज नसते तिच्याकडे.

१९ एप्रिल, शनिवार.

ड्रम आत घेतला ग्रिलवाल्याने. मी विचारलं तर म्हणाला, आता तुकडे उरत नाहीत. मागे ढीग दिसत होता. त्याला म्हटलं, आता आमच्या ह्यांना जिना चढायला काहीतरी करणार आहे. तो म्हणाला, आजी, आजोबा आहेत कुठे? मी म्हटलं, येतीलच. ही सुंभ जळला तरी पीळ न जाणारी माणसं, रुसली की वेळ लागतो.

रोज फोन करते. आज नातीने उचलला. म्हटलं, आजोबांना दे. ती म्हणाली, आजोबा म्हणालेत की आजोबा घरी नाहीत.

गुणी पोर. खोटं बोलता येत नाही तिला. माझ्यावर गेलीये.

२ मे, शुक्रवार. सकाळी १०.

घरचा फोन वाजला. लेकीच्या सोसायटीखालच्या फिजिओ सेंटरमधली बाई. गोड आवाज. म्हणाली, काकांच्या जुन्या फाइलवर हा नंबर होता, त्यांचा पहिला एक्स-रे तिकडेच राहिलाय, कुणी पाठवेल का? मी म्हटलं, हो हो, कपाटावर आहे. कसे आहेत? ती म्हणाली, एकदम छान. जिना चढतात. सगळ्यांना हसवतात. एवढं दुःख झालंय, पण कधी तोंडावर दाखवत नाहीत.

मी म्हटलं, कसलं दुःख?

ती मग हळूच म्हणाली, काकू गेल्या ना त्यांच्या जानेवारीत. शेडमध्ये वेल्डिंग करताना. त्यांना वाचवायला गेले तेव्हाच काकांचा खुबा मोडला. काका म्हणतात, फार हुशार होती हो, हात फार चांगला होता तिचा.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तिने विचारलं, तुम्ही कोण बोलताय?

मी म्हटलं, समोरची. घराची किल्ली माझ्याकडे असते. एक्स-रे पाठवते.